सात वर्षांची म्हातारी

सकाळचे ऊन आमच्या दोरवाटेत चक्राच्या बाजूने शिरे. दोरवाट म्हणजे दोर वळण्यासाठी घराला लागून काढलेली ऐंशी पावलांची अरुंद पडवी; एका टोकाला पेडांना पीळ देणारे चक्र. वर पत्रे, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला नुसते खांब. ते ऊन आधी चक्राच्या वरच्या कडेवर टेके. इतके फिकट असे की ऊन आहे की रात्रीत साचलेली धूळ, हे पटकन कळत नसे. मग ते चक्राच्या तीन आकड्यांवर उतरे आणि आकड्यांना अडकवलेले तागाचे तीन पेड एकामागून एक उजळू लागत. कोरडा ताग त्या वेळी ओला दिसतो. पेडांवरून ऊन पुढे सरके, खांबांच्या सावल्या ओलांडत, पत्र्यांच्या भोकांतून जमिनीवर पैशाएवढे ठिपके सांडत. तागाची बारीक कुसे हवेत आधीपासूनच तरंगत असत. पण सावलीतून उजेडात आली की ती आत्ताच जन्मल्यासारखी वाटत, आणि पुन्हा सावलीत गेली की नाहीशी होत. मी चक्र फिरवत हे सारे पाहत असे. पहिला दोर अर्धा वळून होईतो ऊन दुसऱ्या टोकाला पोहोचे: प्रथम दादाच्या पावलांवर, मग गुडघ्यांवर, आणि सर्वांत शेवटी चेहऱ्यावर.

त्या क्षणाची वाट पाहत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात म्हातारी उभी असे.

म्हातारी म्हणजे दादाची मुलगी. वय सात. समोरचे दोन दात पडलेले, केस कानापर्यंत कापलेले, आणि चालण्यात एक जपून पाऊल टाकण्याची सवय, जणू पाऊल वाजले तर कुणाची तरी झोपमोड होईल. हे नाव तिला माझ्या वहिनीने दिले आणि साऱ्या आळीने उचलले.

"म्हातारे, जा, बघून ये," वहिनी चुलीपासून न उठता म्हणे.

म्हातारी बापाचा चेहरा उन्हात नीट पाहून घेई आणि आत जाऊन सांगे, "आज नको मागूस." किंवा, "आज बरे आहेत. पण चहा झाल्यावर."

"कशावरून गं?"

"चप्पल पायानं सरळ केली त्यांनी. रागात असले की तशीच वाकडी घालतात."

वहिनी हसे. मीही हसे. शेजारची शिंपीण कधी आली असली तर म्हणे, "बाई, नशीबवान आहेस. माझी चार पोरं, एकाला चेहरा कळत नाही. भिंतीला डोकं आपटून सांगितलं तरी विचारतात, आई, भिंतीला काय झालं?"

दादा मारकुटा नव्हता. त्याने कुणावर हात उगारलेला मला आठवत नाही. त्याचा राग म्हणजे गप्प बसणे. एखादी गोष्ट बिनसली की तो दोन दोन दिवस बोलत नसे. ताट समोर आले की ते हलकेच पुढे सारी आणि उठे. त्या दोन दिवसांत घरातली भांडीसुद्धा आवाज न करता घासली जात. मारणाऱ्या बापाचा हात तरी उठलेला दिसतो. दादाचे काय बिनसले हे शोधून काढावे लागे, आणि शोधून काढण्याचे काम लहानपणापासून त्या पोरीकडे आले. तिला कुणी तसे सांगितले नव्हते. फक्त ती बरोबर निघाली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडे, आणि कुणीतरी तिच्या डोक्यावरून हात फिरवी.

तिला हे जन्मापासून येत नव्हते, हे मात्र मी पाहिलेले आहे. तीन वर्षांची असताना ती लपाछपीत दोरवाटेच्या मधोमध उभी राही आणि स्वतःचे डोळे झाकून घेई. तिला कुणी दिसत नाही म्हणजे ती कुणाला दिसत नाही, अशी तिची खात्री होती. मी "अरे, कुठं गेली ही?" म्हणत तिच्याभोवती फिरे आणि ती हाताआड खुदखुदे. चार वर्षांची झाली तेव्हा तिला कळले की जे आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसू शकते, त्या शोधाने ती आठवडाभर हैराण होती, प्रत्येकाला विचारी, "माझ्या मुठीत काय आहे, तुला खरंच नाही माहीत?" आणि पाचव्या वर्षी अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, तिला स्वतः शिवलेला झगा आणला. तो काखेत काचत होता. म्हातारीने एकदा अक्काच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हटले, "मला असाच हवा होता." अक्काने तिला उचलून छातीशी धरले. तिच्या काखेतले लाल वळ मी संध्याकाळी पाहिले, आणि तरीही सगळ्यांबरोबर मीही म्हणालो, "किती समजूतदार आहे!"

त्या वर्षी पाऊस नीट झालाच नाही. तळे आटत आटत मधल्या खड्ड्यापुरते उरले. ताग कापल्यावर पेंढ्या पाण्यात बुडवून कुजवाव्या लागतात. साल सुटली की लगेच काढाव्या लागतात. एक दिवस आधी काढल्या तर धागा सुटत नाही, दोन दिवस उशीर झाला तर धागा सडतो, आणि सडलेला धागा वाळल्यावर वरून चांगला दिसतो. थोड्या, कोमट पाण्यात हे सारे भराभर होते. म्हणून रोज जाऊन एक काडी मोडायची, साल ओढून बघायची, हे काम दादाने माझ्यावर टाकले.

"पंडित," दादा मला असेच म्हणे, माझ्या हातात कधीमधी पुस्तक दिसे म्हणून, "रोज जायचं. पाणी कमी आहे. एक दिवस चुकवलास तर वर्ष गेलं."

"जातो ना."

पाच दिवस मी गेलो. त्या खड्ड्यावर धुणे घेऊन आलेल्या बायकांची गर्दी असे, आणि तागाने पाण्याला वास सुटला होता.

"आला बघा वासवाला," एक म्हणाली.

"अहो, तुमच्या दोरावर आम्ही कपडे वाळत घालणार, की तुमचा वास वाळत घालणार?"

"लाजतोय गं तो. कान बघ कसे लाल झालेत. लग्नात नवरी बघायलासुद्धा पाण्याखालून जाईल."

त्या हसल्या. त्यात विष नव्हते. आता वाटते, एक शब्द उलट बोललो असतो तर त्यांनीच पेंढ्या उपसायला हात लावला असता. पण मी मान खाली घालून परतलो, आणि पुढचे दोन दिवस तळ्याकडे गेलोच नाही. दुपारी टेकडीमागे जाऊन बसलो आणि घरी येऊन म्हणालो, "अजून सुटली नाही साल."

तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे, बायका यायच्या आत गेलो. साल हात लावताच निसटली. धागा बोटाभोवती गुंडाळून ओढला, तर तो तुटताना आवाजसुद्धा झाला नाही. सगळ्या पेंढ्या तशा नव्हत्या. खड्ड्याच्या मधल्या, खोल पाण्यातल्या चांगल्या होत्या. काठावरच्या गेल्या होत्या. त्या मी फेकून द्यायला हव्या होत्या. पण फेकल्या असत्या तर दादाने मोजल्या असत्या. मी त्या धुतल्या, वाळवल्या, आणि दादा बाजाराला गेला त्या दिवशी चांगल्या तागात मिसळून गंज रचली. विंचरून झाल्यावर काळपट धागे पेडाच्या पोटात गेले आणि वरून सोनेरी ताग फिरला. माझे हात इतके सफाईने चालले की मला स्वतःचेच नवल वाटले.

पुढच्या आठवड्यात अक्का आली. शहरात तिचे शिवणकामाचे दुकान होते, मूल नव्हते, सासू अंथरुणाला खिळलेली. चहा पिता पिता तिने विषय काढला.

"दादा, म्हातारी मला दे. वर्षभर म्हण, दोन वर्षं म्हण. शाळा समोरच आहे. माझ्या सासूपाशी कुणी बसत नाही. ती बसेल. तिला माणूस कळतं."

"लहान आहे ती," वहिनी म्हणाली.

"लहान आहे म्हणूनच रुळेल. इथं पाणी नाही, ताग नाही. काय करणार आहे ती इथं? पेडावर ओलं फडकं फिरवत बसणार?"

दादा कपाच्या तळाकडे पाहत होता. "बघू," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी म्हातारी दोरवाटेत माझ्याजवळ येऊन बसली. कापलेल्या दोराची टोके ती एकमेकींसमोर उभी करून खेळत असे. त्या तिच्या बाहुल्या. त्या दिवशी तिने त्या नुसत्या हातात धरल्या होत्या.

"काका, बाबांना मी जायला हवी आहे का?"

"नाही गं."

"मग 'बघू' का म्हणाले?"

"मोठी माणसं म्हणतात तसं."

तिने बाहुल्या खाली ठेवल्या. मग अगदी हळू म्हणाली, "मला नाही जायचं. पण तू कुणाला सांगू नकोस. आईला सांगितलं तर ती रडेल. आणि बाबांना सांगितलं तर त्यांना वाटेल, आईनंच शिकवलं."

"मग मला का सांगितलंस?"

"तुला सांगितलं तर काही होत नाही."

हे ती प्रेमाने म्हणाली. मी तिला जवळ घेतले आणि म्हणालो, "मी बोलतो दादाशी. तू कुठंही जाणार नाहीस." तिने मान हलवली. सात वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती, निदान माझ्या ऐकण्यातली. मी दादाशी उद्या बोलू, परवा बोलू असे करत राहिलो. अक्का चार दिवस राहणार होती.

त्या तागाचा नवा दोर बागवाल्याच्या विहिरीवर गेला होता. तिचा गाळ काढायचे काम चालू होते. तिसऱ्या दिवशी दुपारी बागवाला आणि त्याचे दोन गडी आले. एकाच्या खांद्यावर तुटलेला दोर होता. बागवाल्याने तो दोरवाटेत दादाच्या पायांशी टाकला.

"गाळ काढणारा वर येत होता. निम्म्यावर आला आणि हे असं झालं. मांडीचं हाड मोडलंय. जगेल. पण पुन्हा विहिरीत उतरणार नाही तो."

दादाने खाली बसून तुटलेले टोक हातात घेतले. पेड उलगडला. वरचा सोनेरी ताग बाजूला झाला आणि आतला काळपट धागा दिसला. त्याने तो दोन बोटांत चोळला. त्याचा भुगा झाला.

घरातली सगळी माणसे दारात आली होती. वहिनी, अक्का, म्हातारी. मी चक्रापाशी उभा होतो. माझी मान खाली होती. मला वाटते, मी तोंड उघडणार होतो.

"हा ताग यात कसा आला?" दादाने विचारले. आवाज चढवला नाही. त्याने कुणाचे नावही घेतले नाही.

"बाबा, मी," म्हातारी म्हणाली.

सगळे वळले.

"एक पेंढी ओली होती. मला कळलं नाही. मी ती गंजीच्या खाली सारली. मग ती तिथंच तापली असेल."

हे अगदी बरोबर बसत होते. ओला ताग गंजीत गेला की असाच काळा पडतो. दादाने हे तिला पन्नास वेळा सांगितले होते. तिने असे खोटे निवडले होते की जे फक्त तिचा बापच पूर्ण समजेल आणि पूर्ण मानेल. तीन वर्षांपूर्वी जी मुठीतल्या खड्याचे कोडे सगळ्यांना घालत फिरत होती, तिची मूठ आता कुणालाच उघडता येणार नव्हती.

 बागवाला दादाला म्हणाला, "दोराला माणसं लटकतात, माहीत आहे ना? आणि तुम्ही लेकराला ताग हाताळायला देता?" एक गडी दुसऱ्याकडे पाहून ओठ मुडपून हसला. माझ्या भावाला, ज्याच्या बापाचे दोर लोक डोळे मिटून घेत, कुणी असे त्याच्या दोरवाटेत उभे राहून कधी बोलले नव्हते.

"चूक माझी आहे," दादा म्हणाला. "नवा दोर वळून देतो. आणि तो माणूस उभा राहीपर्यंत त्याच्या घरचं पाणी मी भरीन."

ते गेल्यावर तो म्हातारीसमोर उकिडवा बसला. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. त्याने तिचे दोन्ही तळवे उलटून पाहिले; तागाने ते खरखरीत झाले होते. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. होती ती शरम.

"अक्का," तो न वळता म्हणाला, "उद्या घेऊन जा हिला. मीच चुकलो. लेकराला कामाला लावलं. हे हात या कामाचे नाहीत."

"अहो..." वहिनी म्हणाली.

"शाळेत जाईल. दोर नको हिच्या वाट्याला."

म्हातारीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला असे काहीतरी दिसले की तिचा हिशोब चुकला आहे. तिने अबोल्याची तयारी केली होती; दोन दिवस, फार तर तीन. बाप आपल्यावर माया म्हणून आपल्याला दूर पाठवील, हे तिला अजून वाचता येत नव्हते. ती एकच क्षण गोंधळली आणि मग म्हणाली, "चालेल बाबा."

दिवेलागणीच्या आधी वहिनी मला गाठून विहिरीच्या कट्ट्याशी उभी राहिली. घागर भरलेली होती, ती तिने उचलली नाही.

"भावजी, गंज रचली त्या दिवशी हे बाजाराला गेले होते. म्हातारी तापानं फणफणली होती. दिवसभर माझ्या मांडीवर होती."



"मला सांगायला काय लागतं? आत्ता जाऊन सांगते. पण मग हे तुमचं तोंड बघणार नाहीत. तुम्ही जाल. चक्र कोण फिरवणार? मी? हे सगळं तिनं तिथं उभ्या उभ्या ताडलं. मला ताडायला संध्याकाळ लागली." तिने पदराने तोंड पुसले. "'आधी चेहरा बघ, मग बोल,' मीच शिकवलं तिला. पायात चप्पल घालायला शिकवायच्या आधी शिकवलं. मला वाटायचं, सासरी उपयोगी पडेल."

"वहिनी, मी बोलतो दादाशी."

"बोला," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. तुम्ही बोला."

मी दोरवाटेत गेलो. दादा तुटलेला दोर उलगडून चांगला ताग वेगळा करत बसला होता. त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांखाली एका दुपारीत कातडी सैल पडली होती.

"पंडित," तो म्हणाला, "बरं झालं आलास. तुझ्याशिवाय आहे कोण आता? चक्राला तेल घाल. कुरकुरतंय."

मी तेल घातले. तिन्ही आकड्यांना, आसाला, मुठीला. चिंधीने जादाचे तेल पुसले. मग पुन्हा घातले. दादा उठून आत गेला तेव्हाही मी तेल घालत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने त्या निघाल्या. म्हातारीचे सामान एका पिशवीत मावले. दादा फाट्यापर्यंत आला नाही. दोरवाटेत पाठ करून, नसलेला गुंता सोडवत उभा राहिला.

"बाबा, येते."

"हं."

ती थोडा वेळ त्या पाठीकडे पाहत राहिली. मग तिने आईकडे जाऊन सांगितले, "रागावलेले नाहीत." वहिनीने तिचे केस नीट केले, पुन्हा नीट केले, आणि ती घरात गेली. तिचे रडणे बाहेर ऐकू येऊ नये म्हणून तिने नळ सोडला. त्याला पाणी नव्हते. नुसती हवा खरखरत राहिली.

फाट्यावर ऊन होते. अक्का घाम पुसत गाडीची वाट पाहत होती. मी एका हाताने पिशवी धरून बाहीने डोळे टिपत होतो. म्हातारीने माझ्या बोटाला ओढले.

"काका, तू रडू नकोस. आत्याला वाटेल, तिच्याकडे वाईट आहे."

गाडी आली. ती चढली, आणि खिडकीशी बसताच अक्काला मोठ्याने म्हणाली, "आत्या, मला खिडकी फार आवडते." अक्काचा चेहरा फुलला. "बघितलंस?" ती मला म्हणाली. "किती लवकर रुळली!" म्हातारीने तिच्याकडे पाहून हसून घेतले, दात नसलेले, पूर्ण हसू. गाडी हलली तेव्हा तिने हात हलवला नाही. ती अक्काच्या सासूला काय आवडते, हे विचारत होती.

याला आता सहा वर्षे झाली. एका वर्षाची दोन झाली, आणि दोन म्हणता म्हणता ती तिथेच राहिली. ती सुट्टीत येते, पाहुण्यासारखी कुठेही बसायच्या आधी विचारते, "इथं बसू?" अक्काची सासू शेवटपर्यंत तिच्याच हातचे पाणी पीत होती, असे अक्का अभिमानाने सांगते. दादाला अजून वाटते की तिचे भले झाले. वहिनी माझ्याशी बोलते, वाढते, विचारपूस करते. फक्त माझ्या चेहऱ्याकडे पाहत नाही.

मी स्वतःला इतकी वर्षे एकच गोष्ट सांगत आलो. मी बोलणारच होतो. शब्द ओठांवर आले होते. पण पोर माझ्यापेक्षा चपळ निघाली. तिने मला संधीच दिली नाही. तिचा स्वभावच तसा, तिला कोण काय सांगणार. हे मी इतक्यांदा आणि इतक्या बारकाव्यांनिशी आठवले आहे की त्यातला प्रत्येक खांब, प्रत्येक सावली मला दिसते. गाळ काढणारा काठी टेकत आमच्या दारावरून जातो तेव्हाही मी हेच आठवतो.

पण माझी मान खाली नव्हती. दादाने विचारले, आणि ती बोलायच्या आधी मी तिच्याकडे पाहिले होते.